टाचणाची वही भरली, पण पाठ कुठंय?

मंडळी, आज राजकारण नाही. नगरपालिका नाही, कारखाना नाही, कांद्याचा भावही नाही. आज एका वहीवर लिहायचंय. अशा पोस्टला गर्दी होत नाही हे मला माहीत आहे, पण ज्यांची पोरं जिल्हा परिषदेच्या नाहीतर संस्थेच्या शाळेत आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं.

ज्या गावात डी.एड. किंवा बी.एड.चं कॉलेज आहे तिथल्या लोकांना हे दृश्य नवं नाही. सकाळी दहाच्या सुमारास कडक इस्त्रीच्या गणवेशातली पोरं-पोरी शाळेच्या गेटातून आत जातात. हातात तक्त्यांची गुंडाळी, पिशवीत थर्माकोलचं काहीतरी आणि काखेत एक जाडजूड वही. ही वही म्हणजे पाठ टाचण. आज कोणत्या वर्गाला काय शिकवायचं, कसं शिकवायचं, कोणता प्रश्न विचारायचा, फळ्यावर काय लिहायचं, हे सगळं आधी कागदावर मांडायचं आणि मग वर्गात पाय ठेवायचा. शिक्षक होण्याच्या प्रशिक्षणाचा कणा हाच आहे. डॉक्टरकीच्या पोरांना वॉर्डातली फेरी असते तसा यांना टाचण आणि सराव पाठ.

आता ही वही प्रत्यक्षात कशी तयार होते ते सांगतो. मागच्या वर्षीच्या सीनियरची वही मागायची. ती नसेल तर झेरॉक्सच्या दुकानात 'रेडिमेड टाचण' मिळतं. तेही नको असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पीडीएफ फिरत असते. आणि आता तर चॅटजीपीटीला सांगितलं की अर्ध्या मिनिटात उद्दिष्टांपासून गृहपाठापर्यंत सगळं तयार. मग रात्री बसून निळ्या आणि काळ्या पेनाने, पट्टीने रकाने आखून, ते सुवाच्य अक्षरात उतरवायचं. मार्गदर्शक बघतात काय? समास आहे का, रकाने आहेत का, सही कुठं करायची. वही भरली की गुण पडले.

पोरांना झोडपायला मी हे लिहीत नाही, हे आधीच सांगतो. दोन वर्षं ज्याला कोणी "हा प्रश्न तू का विचारलास?" असं एकदाही विचारत नाही, तो उतरवूनच काढणार. कोणीही तेच करेल.

टाचणाचा हा साचा कुठून आला तेही गमतीचं आहे. जर्मनीत योहान हर्बार्ट नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला, १७७६ ते १८४१. मूल नवीन गोष्ट शिकतं ते आधीच्या माहितीशी तिची सांगड घालून, असं त्याचं म्हणणं. त्याच्या अनुयायांनी पुढे त्या विचाराच्या पाच पायऱ्या केल्या. त्या इंग्रजांच्या मार्फत आपल्याकडे आल्या आणि अध्यापक विद्यालयात 'पंचपदी' म्हणून स्थिरावल्या. प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, संकलन, उपयोजन असे शब्द ज्यांनी डी.एड. केलंय त्यांना झोपेतही आठवतील. नंतर अमेरिकेच्या बेंजामिन ब्लूमचं १९५६ सालचं उद्दिष्टांचं वर्गीकरण आलं आणि ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे रकाने वाढले. अलीकडे 'अध्ययन निष्पत्ती' आल्या, त्यांचे क्रमांक लिहायचे. प्रत्येक लाटेत वहीत एक रकाना वाढतो. मूळ विचार काय होता हे मात्र लाटेगणिक पुसट होत जातं.

हर्बार्टचं म्हणणं साधं होतं: पोराला आधी काय येतं ते बघ. आपण त्याचं काय केलं? सराव पाठाची प्रस्तावना ज्यांनी मागच्या बाकावर बसून ऐकलीय त्यांना हसू येईल. विषय असतो 'पाणी'. छात्राध्यापक विचारतो, "मुलांनो, सकाळी उठल्यावर तुम्ही काय करता?" पोरं म्हणतात, "दात घासतो." "दात कशाने घासता?" "ब्रशने." "मग चूळ कशाने भरता?" "पाण्याने!" लगेच फळ्यावर शीर्षक, "शाब्बास! तर आज आपण पाण्याविषयी माहिती घेणार आहोत." झाली प्रस्तावना. दुष्काळात टँकरच्या रांगेत हंडा धरून उभं राहिलेलं पाथर्डीचं पोर समोर बसलेलं असतं. पाण्याबद्दल त्याला जे माहितीये ते त्या छात्राध्यापकाच्या वहीत कुठंच नसतं आणि ते कोणी विचारतही नाही. कारण टाचणात उत्तराच्या रकान्यात आधीच लिहिलेलं असतं: 'ब्रशने'. पोराने 'राखुंडीने' म्हटलं तरी पाठ अडतो.

मग चांगलं टाचण कसं असतं? मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. पत्रकारितेची पदविका केलेला, पंचायत समितीच्या बातम्या करणारा माणूस. पण बरीच वर्षं शाळांत जाणं-येणं आहे, चांगल्या शिक्षकांशी ओळखी आहेत, आणि त्यांच्याशी बोलून जे समजलं ते एका उदाहरणाने सांगतो.

हातच्याची वजाबाकी घ्या. ५२ वजा २७. दुसरी-तिसरीच्या वर्गात हे गणित फळ्यावर लिहिलं की वर्गातली बरीच पोरं ३५ उत्तर काढतात. का? कारण दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले, पाच उरले. पाचातून दोन गेले, तीन उरले. पस्तीस. पोर मूर्ख नाही. त्याला कधीतरी कोणीतरी सांगितलंय की 'मोठ्यातून लहान वजा करायचं', आणि ते इमानदारीने तेच करतंय.

आता रेडिमेड टाचणात काय लिहिलेलं असतं? 'विद्यार्थी हातच्याची वजाबाकी करतो.' शिक्षक कृती: 'शिक्षक फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवतात.' विद्यार्थी कृती: 'विद्यार्थी लक्षपूर्वक निरीक्षण करतात.' मूल्यमापन: 'पुढील उदाहरणे सोडवा.' संपलं.

आणि विचार करून केलेल्या टाचणात? पहिल्यांदा लिहिलेलं असतं की पोरं इथे ३५ काढणार. म्हणजे चूक आधीच हेरलेली असते. मग त्यावर उपाय. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पोराच्या हातात द्यायच्या आणि म्हणायचं, यातून मला सात काड्या दे. पोर दोन देतं आणि थांबतं. त्या थांबण्यातच सगळा पाठ आहे. इथे छात्राध्यापकाने तोंड बंद ठेवायचं असतं, आणि तेच सगळ्यात अवघड. पोर गठ्ठ्याकडे बघतं, तुमच्याकडे बघतं, "हा सोडू का?" असं विचारतं. त्याने दोरा सोडला की हातचा समजला. त्यानंतर फळा. त्यानंतर पुस्तक. आणि शेवटी सगळ्यांना मिळून "समजलं का?" विचारायचं नाही, कारण त्याला सगळी पोरं सुरात "होऽऽ" म्हणतात. त्याऐवजी प्रत्येकाला पाटीवर एकच गणित द्यायचं आणि पाट्या वर करायला सांगायच्या. कोणाच्या पाटीवर अजून ३५ आहे ते एका नजरेत दिसतं. उद्याचं टाचण त्या पोरांपासून सुरू होतं.

यात अजून एक गोम आहे, आपल्या भाषेची. बावन्न म्हणताना आपण आधी दोन म्हणतो, मग पन्नास. लिहिताना आधी पाच, मग दोन. त्यामुळे 'बावन्न लिही' म्हटलं की काही पोरं २५ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा राज्यभर केवढी टिंगल झाली आठवतंय का? विनोदांचा पाऊस पडला, विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. लहान पोरांना जोडाक्षरांचे उलटे संख्याशब्द जड जातात, एवढं साधं त्यामागचं म्हणणं होतं. नवी पद्धत पटो न पटो, पण पोर नेमकं कुठे अडखळतं याचा विचार त्यात होता. आणि टाचण करायचं म्हणजे नेमका हाच विचार करायचा असतो. आपण मात्र त्यावर महिनाभर हसलो.

अपूर्णांकाचंही तसंच. एक चतुर्थांश मोठा की एक तृतीयांश? पोर म्हणतं चतुर्थांश, कारण चार मोठे. आपल्याकडे घराघरात 'चतकोर भाकरी' शब्द आहे. चतकोर म्हणजे चौथा भाग, हे पोर जेवताना रोज ऐकतं. एक भाकरी चौघांत वाटली तर जास्त मिळेल की तिघांत, असं विचारलं तर भुकेल्या पोराचं उत्तर कधीच चुकणार नाही. पण तक्त्यावर असतो रंगवलेला पिझ्झा! अकोल्याच्या डोंगरातल्या वस्तीवर पिझ्झाचा तक्ता. कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकातून उतरवलेला, तसाच वर्षानुवर्षं पुढे चाललेला.

आता मोठा मुद्दा, आणि माझा खरा राग इथे आहे.

कॉलेजात टाचण कशाचं करायला शिकवतात? एक इयत्ता, एक विषय, एक घटक, साधारण पस्तीस मिनिटं. त्याआधी सूक्ष्म पाठ असतो, तो तर पाच-सहा मिनिटांचा आणि समोर आपलेच वर्गमित्र पोरं बनून बसलेले. तिशीकडे झुकलेला बाप्या "बाई, मला येतं!" म्हणून हात वर करतो. असो, कौशल्यं सुटी करून शिकण्यापुरतं ते ठीक आहे.

पण नेमणूक कुठे मिळते? शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक. आपल्या चौदा तालुक्यांतल्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळा आठवा. दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, पाचवी असेल तर व्हरांड्यात. दोनातले एक गुरुजी मीटिंगला किंवा मतदार यादीच्या कामाला गेले की उरलेल्या एकट्यावर सगळी शाळा. अशा शिक्षकाला पस्तीस मिनिटांच्या एका इयत्तेच्या टाचणाचा उपयोग काय? त्याला हवं असतं ते असं टाचण: तिसरीला मी शिकवत असताना पहिली काय करेल, चौथीतली पोरं पहिलीला वाचायला मदत करतील का, एकच गोष्ट सांगून चारही वर्गांना चार पातळ्यांवरचं काम कसं देता येईल. बहुवर्ग अध्यापन हा शब्द अभ्यासक्रमात आहे, नाही असं नाही. पण सराव पाठाच्या वहीत त्याचे किती पाठ असतात? सराव पाठ बहुतेक वेळा कॉलेजच्या जवळच्या, सोयीच्या, मोठ्या शाळेत होतात. एसटी दिवसातून दोनदाच जिथे जाते त्या वस्तीशाळेवर छात्राध्यापक फिरकत नाही. आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी नेमकं तिथेच उतरतो.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक गोष्ट कोणत्याच टाचणात नसते. दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात. वर्गातली बाकं रिकामी होतात. ती पोरं कुठे जातात? काही बाहेरच्या जिल्ह्यांत, बाहेरच्या राज्यांत, आणि काही आपल्याच जिल्ह्यात, प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात कारखान्यांच्या कोप्यांवर. म्हणजे दिवाळीनंतर एका तालुक्यातला वर्ग निम्मा होतो आणि दुसऱ्या तालुक्यातल्या वर्गात ओळख नसलेली पोरं येऊन बसतात. आली तर. वसंत संपता संपता ती परत गावी येतात तेव्हा मधले चार-पाच महिने गेलेले असतात. पुस्तक पुढे गेलेलं असतं. या पोरांसाठी परतल्यावरच्या पहिल्या पंधरा दिवसांचं टाचण कसं असावं, हा प्रश्न नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक अध्यापक विद्यालयात परीक्षेला यायला हवा. साखरेच्या जिल्ह्यात हा प्रश्न नाही विचारायचा तर कुठे विचारायचा?

कोणी म्हणेल, अनुभवी शिक्षकाला टाचण लागत नाही, सगळं डोक्यात असतं. हा युक्तिवाद मी अनेक गुरुजींच्या तोंडून ऐकलाय आणि तो अर्धाच खरा आहे. आपला जिल्हा नेवाशाचा. कीर्तनाची परंपरा आपल्याला कोणी सांगायला नको. चांगला कीर्तनकार दोन तास बोलतो तेव्हा वाटतं, माऊलींच्या कृपेने आपोआप सुचतंय. पण अभंग कोणता, कोणत्या चरणावर किती थांबायचं, कोणता दृष्टांत कुठे, गायक-वादकांना कुठे जागा द्यायची, हे त्याने ठरवलेलं असतं. समोर म्हातारी माणसं असतील तर दृष्टांत वेगळा, तरुण पोरं असतील तर वेगळा. तयारी असते म्हणूनच ऐनवेळी बदलता येतं. ज्याची तयारीच नाही तो बदलणार काय? तो तेच पाठ केलेलं रेटत राहतो, आणि लोक उठून जातात. पोरांना उठून जायची सोय नसते एवढाच फरक.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे, की वेळच नाही. पोषण आहाराची नोंद, यू-डायसची माहिती, लिंक भरा, फोटो टाका, सेल्फी टाका, प्रशिक्षणाला या, सर्वेक्षणाला जा. शिक्षकांच्या या तक्रारीत तथ्य आहे. शाळा तपासायला आलेले साहेब टाचण वही बघतात ती 'आहे का' एवढ्यापुरती. तारीख आणि सही असली की पुरे. अशा तपासणीला उतरवलेली वहीच परवडते. तपासणीच तशी असेल तर कागदही तसाच तयार होणार, हे मी सगळ्या सरकारी खात्यांत बघतो, शिक्षण खातं काही वेगळं नाही.

आता निवडीकडे या. दोन वर्षं ज्या कौशल्याचं शिक्षण दिलं, ते नोकरी देताना तपासायला नको का? टीईटी आहे दीडशे गुणांची, सगळे पर्यायी प्रश्न. त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, दोनशे गुणांची, तीही पर्यायी प्रश्नांची. त्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेच्या शाळेत थेट नेमणूक. खासगी संस्थांच्या बाबतीत मुलाखतीत अध्यापन कौशल्य बघायची तरतूद आहे, पण जिल्हा परिषदेला तीही नाही. म्हणजे ज्याने आयुष्यात एकही पाठ धड घेतला नाही तो आकृत्यांची मालिका आणि घड्याळाच्या काट्यांचे कोन पटापट सोडवून गुरुजी होऊ शकतो. आणि वर्ग हातात धरणारी एखादी हुशार मुलगी दोन गुणांनी मागे पडून कुठल्यातरी इंग्लिश मीडियमला तुटपुंज्या पगारावर राबत बसते. अशा मुली प्रत्येक तालुक्यात आहेत. तुमच्याही नात्यात असतील.

मुलाखती बंद केल्या त्यामागे कारण आहे हे मान्य. मुलाखत म्हटलं की पाकीट आलं, पुढाऱ्याची चिठ्ठी आली. पोर्टलमुळे गरिबाघरच्या पोरांना पैसे न देता नोकरी लागली, हे मोठं काम झालं आणि ते उलटवू नये असंच माझं मत आहे. पण परीक्षा म्हणजे पारदर्शक असंही नाही, हे आपण बघितलंय. टीईटीचा घोटाळा २०२१ च्या डिसेंबरात बाहेर आला, परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली आणि पुढे साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. आता १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक झाली, ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी बाकी आहे त्यांना दोन वर्षांची मुदत. संघटना चिडल्या, वीस-वीस वर्षं शिकवणारे गुरुजी पुन्हा गाईड घेऊन बसले. माझं म्हणणं एवढंच की त्या गाईडमध्येही ५२ वजा २७ मध्ये पोर ३५ का काढतं याचं उत्तर शोधायला सांगत नाहीत. योग्य पर्यायापुढचं वर्तुळ काळं करायला सांगतात.

कॉलेजांबद्दल बोलायलाच हवं, पण थोडक्यात. दोन हजारनंतरच्या दशकात आपल्याकडे डी.एड. कॉलेजांचं पीक आलं होतं. पुढाऱ्यांनी काढली, पुढाऱ्यांच्या जावयांनी काढली. तेव्हा बारावीला चांगले टक्के पडलेली पोरं डॉक्टर-इंजिनीअरिंग सोडून डी.एड.ला जात, कारण नोकरीची खात्री होती. महाराष्ट्रातल्या अशाच २९१ डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. त्या संस्थांपैकी बहुतेक संस्था पात्र नाहीत असं त्यात निघालं. देशभराच्या शिक्षक प्रशिक्षणाची झाडाझडती झाली ती आपल्या राज्यातल्या प्रकरणावरून, हे भूषणावह नाही. त्यानंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांच्या एकात्मिक पदवीकडे जायचंय. वर्षं वाढवून उपयोग होईल का? एका वर्षात वीस पाठ उतरवणारा चार वर्षांत ऐंशी उतरवेल.

आणि हे आपल्याकडे व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार बाईंनी १८३९ नंतर नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या. जोतिराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्यासाठीचं प्रशिक्षण घेतलं ते या नगरच्या फॅरार बाईंकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये. शिक्षिका होण्याआधी शिकवायला शिकावं लागतं, हे तेव्हा त्या दोघांना कळलेलं होतं. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतिरावांनी जे निवेदन दिलं त्यात प्राथमिक शाळेतले शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी वर्गातून आलेले असावेत, पोरांच्या गरजा समजून त्यांच्यात मोकळेपणाने मिसळणारे असावेत अशी मागणी आहे. नगर-पुण्याचे आपण ३ जानेवारीला हार घालतो, भाषणं करतो. त्या प्रशिक्षणात काय असावं यावर मात्र त्या दिवशी कोणी बोलत नाही.

करता येईल असं काही आहे का? आहे, आणि त्याला शासन निर्णयाची वाट बघायला नको.

जपानमध्ये शिक्षकांची एक जुनी रीत आहे. चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ बसवतात. आठवडे घालवतात त्यावर. मग एक जण तो प्रत्यक्ष वर्गात घेतो आणि बाकीचे मागे बसतात. पण ते शिकवणाऱ्याकडे बघत नाहीत, पोरांकडे बघतात. कोणतं पोर कुठे अडलं, कोणत्या प्रश्नाला गप्प झालं, याच्या नोंदी. नंतर बसून पाठ दुरुस्त करतात आणि दुसऱ्या वर्गात पुन्हा घेतात. आपल्याकडे याला पैसा लागणार नाही, कारण केंद्रस्तरावर दर महिन्याला शिक्षण परिषद आहेच. केंद्रातले सगळे शिक्षक एका शाळेत जमतात. तिथे काय होतं? सत्कार, सूचनांचं वाचन, परिपत्रकं, जेवण. त्यातले दोन तास एका पाठाला द्या. त्या महिन्यात आंतरवासितेला आलेल्या छात्राध्यापकांनाही बसवा. त्यांना पहिल्यांदाच दिसेल की वीस वर्षं नोकरी झालेले गुरुजीसुद्धा एका प्रश्नावर वाद घालतात, आपलं चुकलं म्हणतात आणि पाठ पुन्हा लिहितात. वही सुवाच्य नसते तेव्हा, खाडाखोड असते तिच्यात. संगमनेरच्या डाएटने मनावर घेतलं तर प्रत्येक तालुक्यातल्या एका केंद्रात हे या शैक्षणिक वर्षातच सुरू होऊ शकतं.

कॉलेजांसाठी एकच मागणी. वहीतले निम्मे पाठ कमी करा. वीस उतरवलेल्या पाठांपेक्षा पाच पाठ असे असू द्या, जे त्याच पोराने तीन-तीन वेळा घेतले, प्रत्येक वेळी काय फसलं ते लिहिलं आणि बदललं. त्यातले दोन तरी दोनशिक्षकी शाळेतले. गुण त्या खाडाखोडीला द्या. ते चॅटजीपीटीला देता येणार नाही, कारण तुमच्या वर्गातली कोणती पोरं परवा कोपीवर गेली हे त्याला माहीत नसतं.

आणि पालकांसाठी, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी. रंगरंगोटी, डिजिटल बोर्ड, स्नेहसंमेलन यावर आपण समितीत तासन्‌तास बोलतो. एकदा शाळेत जाऊन शिक्षकांच्या परवानगीने तिसरी-चौथीच्या फळ्यावर ५२ वजा २७ लिहा आणि पाट्या वर करायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे. किती पाट्यांवर २५ आलं आणि किती पाट्यांवर ३५, ते मला कळवा. गुरुजींना बोल लावू नका, पोरांना तर अजिबात नको. फक्त आकडे कळवा, शाळेचं नाव न टाकता. चौदाही तालुक्यांतून आले तर ते घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे मी स्वतः जातो.